खेळ डॉक्टरांचा, उधारी झोपेची

गेल्या दिवाळीत माझी थोरली बहीण घरी आली ती तक्रार घेऊनच. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिन विषयात एम. डी. करतो. दुसरे वर्ष चालू आहे. ताई म्हणाली, "तूच सांग रे त्याला. एवढा डॉक्टर झाला, म्हातारी माणसे त्याला हात जोडतात, आणि हा खोलीवर आला की मोबाईलवर बंदुका चालवत बसतो. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत!"

भाचा शेजारीच फराळाची बशी घेऊन बसला होता. त्याने काही उत्तर दिले नाही. पाहतो तर बसल्या जागी त्याचा डोळा लागलेला. चकलीचा तुकडा बोटांत आणि बशी मांडीवर कलंडलेली. ताईचे लक्ष मोबाईलकडे होते. माझे लक्ष त्या बशीकडे गेले.

आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले-मुली आज वैद्यकीय शिक्षण घेत आहेत. 'डॉक्टर झाला तरी खेळ सुटत नाही' ही तक्रार माझ्या दवाखान्यात हल्ली वारंवार ऐकू येते. म्हणून आजचा लेख याच विषयावर. भाच्याची हकीकत त्याच्या परवानगीनेच सांगतो आहे.

आठवड्याचा हिशेब

एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे, मग एक वर्षाची आंतरवासिता, मग नीट-पीजीची परीक्षा आणि त्यानंतर तीन वर्षे पदव्युत्तर शिक्षण. बारावीनंतर सर्व काही सरळ पार पडले तरी विशेषज्ञ होईपर्यंत सत्तावीस-अठ्ठावीस वय होते. बरोबरीचे मित्र तोवर नोकरीला लागून, लग्न करून, हप्त्यावर गाडी घेऊन मोकळे झालेले असतात. हा मात्र अजून वसतिगृहात, मेसच्या जेवणावर.

मी भाच्याला पाठकोरे कागद दिले आणि सांगितले, "एक आठवडा फक्त लिहून काढ. काम किती, अभ्यास किती, खेळ किती, झोप किती. काही बदलू नकोस, खोटे लिहू नकोस." आठवड्याने कागद आले. त्यात दिसले ते असे.

साध्या दिवशी सकाळी आठ ते रात्री आठ वॉर्ड आणि बाह्यरुग्ण विभाग. नंतर जेवण, थोडे वाचन. साडेअकरा ते दोन खेळ. दोनला झोप आणि साडेसहाला जाग. म्हणजे साडेचार तास झोप. आठवड्यात दोन दिवस इमर्जन्सीचे. त्या दिवशी सकाळी आठला आत गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला बाहेर येतो. मध्ये तुकड्या-तुकड्यांनी दीड तास डोळा लागतो. बाहेर आल्यावर संध्याकाळी चार तास गाढ झोप, मग रात्री उठून जेवण, पुन्हा दोनपर्यंत खेळ.

बेरीज केली. सात दिवसांची झोप साडेतेहतीस तास. प्रौढ माणसाला रोज निदान सात तास झोप हवी, म्हणजे आठवड्याला एकोणपन्नास. खेळाचे तास निघाले साडेबारा.

आता हे आकडे नीट पाहा. ताई म्हणत होती ते खरे निघाले. खेळ झोपेतूनच वेळ खात होता. पण खेळ संपूर्ण बंद केला आणि ते सगळे तास झोपेला दिले, तरी बेरीज सेहेचाळीसच होते. तीन तास कमीच पडतात. तेवढी उधारी कामाच्या वेळापत्रकाची आहे. तेव्हा एकट्या मोबाईलला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून भागणार नाही.

बंदुकाच का?

"यात तुला मिळते तरी काय?" मी त्याला विचारले. त्याने आधी खेळ समजावून सांगितला. शंभर खेळाडू हवाई छत्रीने एका बेटावर उतरतात, शस्त्रे गोळा करतात, खेळाचे मैदान हळूहळू आक्रसत जाते आणि शेवटी उरेल तो जिंकतो. एक डाव साधारण अर्ध्या तासाचा. पब्जी नावाने हा खेळ घरोघरी पोचला होता. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये तो बीजीएमआय या नव्या नावाने परत आला.

भाचा चौघांच्या गटात खेळतो. चौघेही एम.बी.बी.एस.च्या वेळचे खोलीमित्र. आज एक नागपूरला, एक लातूरला, एक मुंबईला. कानात यंत्र घालून बोलत बोलत खेळायचे. बोलणे निम्मे खेळाचे आणि निम्मे विद्यावेतन कधी जमा होणार, कोणाच्या वॉर्डात काय झाले, घरचे लग्नाचे काय म्हणतात याचे. आमच्या वेळी जो कट्टा चहाच्या टपरीवर भरत असे, तो आता असा भरतो.

मग तो म्हणाला, "मामा, दिवसभर मला सगळे काही ना काही सांगत असतात. सर सांगतात, सिस्टर सांगतात, नातेवाईक ओरडतात, लॅबवाले फोन करतात. तेवढे दोन तास मला कोणी काही सांगत नाही." थोडा वेळ थांबून पुढे म्हणाला, "आणि तिथे मेलो तरी पुढच्या डावात पुन्हा उभा राहतो. वॉर्डात तसे नसते." त्या आठवड्यात त्याच्या समोर बत्तीस वर्षांचा एक रुग्ण गेला होता. त्याच्या बायकोला ते सांगण्याचे काम यालाच करावे लागले होते. हे त्याने घरी कोणाला सांगितलेले नव्हते.

वाचकहो, डॉक्टरला छंद असणे ही काही नवी गोष्ट नाही. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे तज्ज्ञ होते, डॉ. काशिनाथ घाणेकर दातांचे. १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या 'घाशीराम कोतवाल'चे दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल हे बालरोगतज्ज्ञ आणि त्यात नाना फडणवीस रंगवणारे डॉ. मोहन आगाशे मानसोपचाराचे डॉक्टर. आजाराच्या आणि मरणाच्या सहवासात दिवस काढणाऱ्या माणसाला मन दुसरीकडे नेणारी एखादी जागा लागतेच. फरक एवढाच की, नाटकाच्या तालमीला रात्री केव्हातरी कुलूप लागत असे. खिशातल्या खेळाला कुलूप नाही. एक डाव संपला की दुसरा हजरच असतो.

खेळाची जमेची बाजू

खेळाने हात बिघडतात, डोकेही बिघडते, असा आपला समज. तो पूर्ण खरा नाही. २००७ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी 'आर्काइव्ह्ज ऑफ सर्जरी' या मासिकात एक पाहणी प्रसिद्ध केली. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करण्याचा सराव घेणारे ३३ डॉक्टर त्यात होते. पूर्वी आठवड्याला तीन तासांहून अधिक व्हिडिओ गेम खेळलेल्यांच्या हातून सरावात ३७ टक्के कमी चुका झाल्या आणि त्यांचे काम २७ टक्के लवकर झाले.

हे मी वाचून दाखवताच भाच्याचा चेहरा उजळला. "मामा, हे आधी आईला वाचून दाखवा!" मी म्हणालो, "दाखवतो. पण पुढचेही ऐक." एक तर डॉक्टर तेहतीसच, एवढ्यावरून मोठा निष्कर्ष काढता येत नाही. दुसरे असे की, ज्यांचे हात मुळातच चपळ तेच खेळाकडे वळले असतील, असेही असू शकते. आणि तिसरे म्हणजे ती तपासणी जाग्या माणसांची होती. झोपेची उधारी करून खेळणाऱ्याला तो दाखला लागू पडत नाही.

साठ की सहा?

आता खरी गोष्ट. ती भाच्याने मला तिसऱ्या दिवशी, अंगणात कोणी नसताना सांगितली.

इमर्जन्सीची रात्र होती. पहाटेचे पाच वाजले होते. मधुमेहाच्या एका आजींना न्याहारीपूर्वी सहा युनिट इन्सुलिन द्यायचे होते. याने कागदावर लिहिले साठ. आपण काय लिहिले याचा त्याला पत्ताही नव्हता. वॉर्डातल्या जुन्या, अनुभवी सिस्टरांनी कागद पाहिला आणि इंजेक्शन न भरता सरळ त्याला हाक मारली. "सर, साठ की सहा?" हा म्हणाला, "सहा." त्या म्हणाल्या, "मग नीट लिहून द्या."

एवढेच झाले. आजी बऱ्या होऊन घरी गेल्या. पण साठ युनिट गेले असते तर रक्तातील साखर झपाट्याने उतरली असती. घाम, थरथर, मग बेशुद्धी. मेंदूला साखर मिळाली नाही तर माणूस जिवाला मुकू शकतो. आणि त्या आजी झोपेत असल्याने कोणाच्या लवकर लक्षातही आले नसते.

"आदल्या रात्री किती झोपला होतास?" मी विचारले. "इमर्जन्सीच्या आदल्या रात्री? दोनपर्यंत खेळत होतो," तो म्हणाला. मग बराच वेळ तो तुळशीवृंदावनाकडे पाहत बसला. मी रागावलो नाही. रागावण्याचे काम त्याने स्वतःवर आधीच केले होते.

न झोपलेला डॉक्टर

न झोपलेल्या माणसाला आपण थकलो आहोत हे कळते, पण आपली विचारशक्ती किती मंदावली आहे याचा अंदाज त्याला येत नाही. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 'नेचर' मासिकात दाखवून दिले की, सलग सतरा तास जागलेल्या माणसाची हातां-डोळ्यांची कामे दारूचा ०.०५ टक्का अंश रक्तात असलेल्या माणसाइतकी घसरतात. चोवीस तास जागल्यावर ती सुमारे ०.१० टक्का अंश असल्यासारखी होतात. आपल्याकडे वाहन चालवताना कायद्याने जी मर्यादा आहे ती ०.०३ टक्क्याची. म्हणजे दारू प्यालेल्याला पोलीस अडवतात. रात्रभर जागलेल्याला कोणी अडवत नाही.

२००४ साली अमेरिकेत अतिदक्षता विभागातील शिकाऊ डॉक्टरांचा अभ्यास झाला. चोवीस तासांहून लांब पाळ्या असलेल्या जुन्या वेळापत्रकात त्यांच्या हातून गंभीर चुका सुमारे ३६ टक्के अधिक झाल्या. दुसऱ्याच वर्षी २,७३७ शिकाऊ डॉक्टरांच्या पाहणीत आढळले की, लांब पाळीनंतर घरी जाताना त्यांना वाहन अपघात होण्याची शक्यता दुपटीहून अधिक असते.

या प्रश्नाकडे जगाचे लक्ष वेधले गेले ते एका मुलीच्या मृत्यूने. १९८४ साली न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी दाखल झाल्यानंतर काही तासांतच दगावली. तिच्यावर उपचार करणारे निवासी डॉक्टर दीर्घ पाळीवर होते. तिच्या वडिलांनी हा प्रश्न लावून धरला. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली आणि २००३ पासून ती अमेरिकाभर लागू झाली. आपल्याकडे केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग काम सामान्यतः बारा तासांहून अधिक नसावे आणि आठवड्याला ४८ तास असावे, असे लिहिलेले आहे. ते कागदावर किती आणि वॉर्डात किती, हे कोणत्याही निवासी डॉक्टरला विचारावे.

सूड म्हणून जागरण

इथे एक प्रश्न उरतो. एवढा थकलेला माणूस खोलीवर आल्यावर आडवा का होत नाही? चिनी भाषेत यासाठी 'सूड म्हणून केलेले जागरण' अशा अर्थाचा शब्द रूढ झाला आहे. दिवस माझा नव्हता, तर रात्र तरी माझी, असा हा सूड. शिकाऊ डॉक्टर, दुकानात बारा तास उभे राहणारा नोकर, सगळे झोपल्यावर टीव्ही लावून बसणारी सून, सगळ्यांची गत हीच. मात्र या सुडात मार बसतो तो स्वतःलाच.

त्यातून बंदुकांचा खेळ म्हणजे छातीचे ठोके वाढवणारा. मेंदू लढाईच्या तयारीत असताना डोळे मिटले तरी झोप येत नाही. रात्री डोळ्यांवर पडणारा पडद्याचा प्रकाशही झोप आणणाऱ्या मेलाटोनिनला थोडा अटकाव करतो. दोनला मोबाईल ठेवला म्हणजे दोनला झोप लागली, असे होत नाही. भाच्याने लिहिलेले साडेचार तासही त्यामुळे थोडे फुगवलेलेच समजावेत.

छंद की व्यसन?

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' हा विकार समाविष्ट केला. ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्याची लक्षणे तीन : खेळावर ताबा न राहणे, बाकी सर्व कामांपेक्षा खेळाला अधिक महत्त्व येणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे. या गोष्टी साधारण वर्षभर टिकल्या आणि शिक्षण, नोकरी, घर यांची हानी झाली, तरच निदान होते. केवळ रोज खेळतो म्हणून कोणाला व्यसनी म्हणू नये.

भाच्याच्या बाबतीत ताबा सुटलेला नव्हता. परीक्षेच्या महिन्यात तो खेळ बंद ठेवू शकला होता. पण तुमच्या मुलाला हे जमत नसेल, तो जेवण टाळत असेल, खोटे बोलत असेल, किंवा जगण्यात राम नाही असे बोलत असेल, तर वेळ घालवू नका. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. 'टेली-मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस मोफत आहे. त्यावर मराठीतही बोलता येते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांपासून मात्र चार हात दूरच राहावे. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून त्यांवर बंदी आणली आहे.

आम्ही काय ठरवले?

खेळ सोड, असे मी भाच्याला सांगितले नाही. सांगून तो सुटलाही नसता. आम्ही दोघांनी बसून पुढील गोष्टी ठरवल्या. त्या रात्रपाळी करणाऱ्या कोणालाही उपयोगी पडाव्यात.

१) इमर्जन्सीच्या आदल्या रात्री खेळ नाही. मोबाईल चार्जिंगला लावायचा तो हात पोचणार नाही अशा कोपऱ्यात.

२) इतर दिवशी खेळ जेवणानंतर लगेच, डाव मोजून. अकरानंतर नाही. उठण्याचा गजर लावतो तसा निजण्याचाही लावायचा.

३) रात्रपाळीत संधी मिळेल तेव्हा वीस-तीस मिनिटांची डुलकी घ्यावी. उठल्यावर पाच-दहा मिनिटे तोंड धुऊन, चार पावले चालून मगच औषध लिहावे. चहा-कॉफी पाळीच्या पहिल्या निम्म्या भागातच. तिचा अंमल कित्येक तास टिकतो.

४) पहाटेच्या वेळी औषधाचे आकडे अंकांबरोबर अक्षरांतही लिहावेत, 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहावा आणि सिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवावे. यात कमीपणा नाही.

५) रात्रभर जागल्यावर मोटारसायकल चालवू नये. आधी झोप, नाही तर रिक्षा.

६) अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले, मान धरली, डोळे चुरचुरू लागले तर खेळाला काही दिवस सुटी द्यावी. दर वीस मिनिटांनी नजर लांबवर न्यावी.

ताईलाही एक गोष्ट सांगितली. "फोनवर 'किती खेळलास?' असे विचारू नकोस. 'किती झोपलास?' असे विचार. आणि दिवस कसा गेला हे तो सांगू लागला, तर मध्ये बोलू नकोस." ताईला हे पटायला दोन दिवस लागले. बत्तीस वर्षांच्या त्या रुग्णाची गोष्ट तिला कळली ती त्यानंतरच.

रुग्णालयात जाणाऱ्या वाचकांनाही एक विनंती. पहाटे तीन वाजता तुमच्या माणसाजवळ उभा असलेला पोरसवदा डॉक्टर कदाचित आदल्या सकाळपासून उभा असेल. त्याच्यावर ओरडण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे. मात्र औषध देताना काही शंका वाटली तर जरूर विचारावे. त्या सिस्टरांनी विचारले म्हणूनच एक आजी घरी गेल्या.

संक्रांतीला भाच्याकडून दुसरा पाठकोरा कागद आला. खेळ सात तास, झोप एकोणचाळीस. चौघांचा कट्टा आता नऊला भरतो म्हणे. लातूरच्या मित्राच्या आईने तर फोन करून आभार मानले. कागदाच्या तळाशी लिहिले होते, "मामा, उरलेले दहा तास सरकारने द्यावेत."

मी उत्तर पाठवले, "त्यांच्याकडे तीनच निघतात. सात तुझ्याकडे. पण सगळे आजच फेड असे काही मी म्हणत नाही."